जुने साहसी संगणक-खेळ: आठवणी सांगा, काय शिकलात तेही सांगा

सांजवारा
नुकताच ‘मिस्ट’ पुन्हा लावला, या वेळी लेकीसोबत. १९९३ चा खेळ. बेटावर कोणी मारायला येत नाही, गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही. काय करायचं हेसुद्धा कोणी सांगत नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून वही घेतली आणि खेळातल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांमधल्या नक्षत्रांच्या आकृत्या उतरवायला बसली. शिकवण्यासाठी म्हणून काढलेल्या कितीतरी सीड्यांनी हे घडलं नव्हतं. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

कातळखूण
इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या टर्मिनलवर ‘कोलोसल केव्ह’ होता. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. विल क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारा माणूस. केंटकीतली मॅमथ केव्ह त्याच्या पायाखालची होती, तिच्यावरून त्याने खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला.

त्यातला एक भुलभुलैया मी विसरणं शक्य नाही. प्रत्येक जागेचं वर्णन शब्दशः सारखं. उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलात तर आधीच्या जागी पोचालच असं नाही. तोडगा एकच: जवळची एकेक वस्तू टाकत जायची. इथे पिंजरा, तिथे बाटली, पुढे किल्ल्या. मग जागा वेगळ्या ओळखू येतात, कागदावर गोल आणि बाण काढत नकाशा तयार होतो. पुढे वर्गात ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित) सुरू झाली आणि सरांनी फळ्यावर गोल-रेघा काढल्या, तेव्हा तो विषय माझ्या हातात आधीच बसला होता.

अबोली_८१
माझा ‘किंग्ज क्वेस्ट’! सिएरा कंपनी, १९८४, रॉबर्टा विल्यम्सची निर्मिती. शेजारच्या दादाकडे पीसी होता, आणि आम्ही मराठी शाळेतल्या दोघी मैत्रिणी. बाणांच्या बटणांनी सरदाराला चालवायचं, पण हुकूम इंग्रजीत टाइप करायचे. ‘लुक रॉक’, ‘पुश रॉक’. खडक चुकीच्या बाजूने ढकलला तर तो अंगावर येऊन सरदार मेलाच. बरोबर बाजूने ढकलला की खाली खंजीर. स्पेलिंग चुकलं तर खेळ पुढे सरकत नसे, त्यामुळे डिक्शनरी कायम मांडीवर.

एका बुटक्या म्हाताऱ्याचं नाव ओळखायचं होतं. चेटकिणीच्या घरात चिठ्ठी मिळते, कधी कधी उलटा विचार करणं शहाणपणाचं असतं अशा अर्थाची. नाव ग्रिम बंधूंच्या परीकथेतलं, रम्पलस्टिल्टस्किन. पण ते शेवटून लिहिलं तर चालत नाही, अख्खी वर्णमालाच उलटी लावायची: ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय. हे कोडं अन्यायाचंच आहे असं मला आजही वाटतं. ज्या मुलाने ती गोष्ट ऐकलेलीच नाही त्याने काय करावं? दादाच्या ताईने कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं, गोष्ट वाचून दाखवली, मग आम्ही वहीत एकाखाली एक दोन वर्णमाला लिहून काढल्या. ते वर्षभर वर्गातल्या आमच्या चिठ्ठ्या त्याच लिपीत!

दर्यावर्दी
‘कार्मेन सँडिएगो’, १९८५. चोर कुठे पळाला ते साक्षीदारांच्या बोलण्यावरून ताडायचं, झेंड्याचे रंग, चलन वगैरे. फोरिंट म्हटलं की बुडापेस्ट, हे आजही डोक्यात पक्कं आहे. मूळ खेळासोबत वर्ल्ड अल्मनॅक हे देशोदेशीच्या माहितीचं जाडजूड पुस्तक मिळे. आमच्याकडे शाळेचा नकाशासंग्रह होता, भागलं.

मिनेसोटावासी
आम्ही इकडे आलो तेव्हा लेकाच्या शाळेत ‘ओरेगॉन ट्रेल’ होता, जुन्या काळी गाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या प्रवासाचा खेळ. १९७१ मध्ये मिनिआपोलिसमध्येच तीन होतकरू शिक्षकांनी तो इतिहासाच्या वर्गासाठी केला. बैल, धान्य, काडतुसं पैशांत बसवायची, नदी कशी ओलांडायची ते ठरवायचं. जेवताना लेकाने विचारलं, “आई, डिसेंट्रीने माणूस मरतो?” त्या रात्री पिण्याच्या पाण्यावर आणि आमच्या आजीच्या काळातल्या पटकीच्या साथीवर बराच वेळ बोललो. मात्र ज्यांच्या जमिनीवरून त्या गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांची बाजू त्या खेळात मुलांना कळत नाही. ती आम्ही घरी वेगळी वाचली. शिक्षण म्हणताना हेही बघायला हवं.

निळूभाट
‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ इथे चालेल? साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. जॉर्डन मेक्नरने भावाला पळताना चित्रित करून त्यावरून राजपुत्राची चाल काढली, हे कळल्यावर मी ॲनिमेशनकडे वळलो.

सांजवारा
चालेल की! लिहा अजून.

खडूफळा
सातवीला शिकवते. ‘मंकी आयलंड’मधली (१९९०) तलवारबाजी शब्दांची असते: समोरच्याने टोमणा मारला की चपखल उत्तर द्यायचं. तलवारबाजांची गुरू भेटते तेव्हा तिचे टोमणे सगळे नवे असतात, पण शिकलेली जुनीच उत्तरं त्यांना लागू पडतात. पाठांतर पुरत नाही, अर्थ कळावा लागतो. हाच नियम वर्गात दिला: एक उत्तर, दोन टोमणे. मुलांनी सुचवलेलं माझं सर्वांत आवडतं:

“माझ्या आवाजाने वाघसुद्धा पळतो!”
“रात्री घोरतोस ना, म्हणून.”

आणि दुसऱ्या गटाकडून:

“माझ्या धाकाने अख्ख्या गल्लीच्या डोळ्याला डोळा लागत नाही!”

उत्तर तेच.