मदत हवी आहे: हरणावरचा नेम दोनदा चुकला, आता रेंजवर लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावरही नेमाची पिन टिकत नाही

नमस्कार,

गेले सात महिने हे कुणाला नीट सांगता आलेलं नाही. घरी विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "नाही लागला बाण, बरंच झालं की रे." तिचं काही चुकलं नाही. पण मला छळतंय ते वेगळंच आहे. इथे तिरंदाजी करणारे आणि जंगलात फिरणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

आधी कायद्याचं बोलून घेतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझंही मत आहे. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल. तिथे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात, व्हाइटटेल हरणाची धनुष्यबाणाने शिकार करता येते. नोकरीमुळे सहा वर्षं तिथे होतो. शेजारच्या एका निवृत्त शेतकऱ्याने मला हे शिकवलं, सक्तीचा हंटर एज्युकेशनचा कोर्स रीतसर केला. आता ठाण्यात कोलशेतला राहतो, पण जमेल त्या वर्षी नोव्हेंबरात रजा टाकून त्यांच्याकडे जातो. मटण त्यांच्या घरी जातं, वर्षभर पुरतं. शिकारीची पाती लावलेले बाण तिथेच असतात, इथे फक्त सरावाचे. ज्यांना शिकार हा प्रकारच नको वाटतो त्यांनी धागा सोडून दिला तरी मला वाईट वाटणार नाही.

पहिला चुकलेला बाण नोव्हेंबर २०२२चा. झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणावर होतो, जमिनीपासून साधारण सोळा फूट. सकाळी एक मादी ओकच्या रांगेतून चालत आली. चालत्या जनावरावर बाण सोडायचा नाही असं शिकवलेलं, म्हणून तोंडाने हलका आवाज केला. ती थांबली. कान माझ्याकडे वळवले, मान ताठ. अंतर २८ यार्ड, रेंजफाइंडरने आधीच मोजून ठेवलं होतं. पिन (धनुष्यावरचा नेमाचा ठिपका) बरोबर छातीवर होती, बाणही स्वच्छ सुटला असं वाटलं आणि तो पाठीच्या जेमतेम वरून निघून गेला.

त्याच रात्री ठरवलं, पुढच्या वेळी खाली धरायचं. दोन वर्षं त्याच हिशोबाने सराव केला.

दुसरा नोव्हेंबर २०२४चा. मोठा नर, १८ यार्डांवर, मान खाली घालून ओकची फळं खात होता. त्याला माझा पत्ताच नव्हता. वारा माझ्या तोंडावर, उजेड चांगला, मध्ये एक फांदी नाही. असा प्रसंग पुन्हा येईल की नाही माहीत नाही. दोर ओढला तेव्हा छाती इतकी धडधडत होती की प्रत्येक ठोक्याला पिन उडत होती. मी ती खालून वर नेत होतो. छातीच्या खालच्या कडेला टेकते न टेकते तोच रिलीजचा, म्हणजे दोर सोडणाऱ्या साधनाचा, ट्रिगर दाबला गेला. मी दाबला असं म्हणवत नाही. बोटाने दाबला. बाण पोटाखालून पाचोळ्यात घुसला.

खाली उतरून बाण काढला. एका पिसाला माती लागलेली, बाकी कोरा. पांढऱ्या टिश्यूने पूर्ण पुसून पाहिला. रक्त नाही, केस नाही, चरबीचा ओशटपणाही नाही. तरी ते शेतकरी काका म्हणाले, शोधायचं. तो ज्या वाटेने गेला त्या वाटेने आम्ही दोघं वाकून, एकेक पान बघत दोन तास चाललो. काही नव्हतं. पूर्ण चुकला होता. जखमी होऊन कुठेतरी पडून राहिला असता तर हा धागा लिहिण्याची हिंमत मला झाली नसती.

आता मूळ अडचण. परत आल्यापासून नवी मुंबईतल्या रेंजवर शनिवार-रविवार जातो. धनुष्य कंपाउंड आहे (टोकांना चाकं असलेलं), ओढायला ६० पाउंडांचं, मनगटाला बांधायचा ट्रिगरवाला रिलीज. पूर्वी २० मीटरवर माझे बाण एकमेकांना घासायचे. आता पिन खालच्या निळ्यात अडकते आणि वर सरकतच नाही. हाताला कळतं की वर न्यायचंय, हात नेत नाही. जोर लावून नेली की पिवळ्याला शिवता क्षणी बोट आवळतं. बाजूला कॉलेजची पोरं असतात, त्यांच्या तोंडी कायम आपले कंपाउंड तिरंदाज ओजस देवतळे आणि अदिती स्वामी. २०२३ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ओजसने १५ बाणांत १५० गुण घेतले, म्हणजे ५० मीटरवरून आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा. मी सोळा-सतरा मीटरवरून जेवायच्या ताटाएवढी जागा चुकवली. हे डोक्यातून जात नाही.

कुणी अर्जुनाची गोष्ट सांगेल. पक्ष्याचा डोळा मला दिसतो हो. बोट थांबत नाही.

विचारायचं ते असं. हे मनाचं आहे, शरीराचं की साधनाचं? मी पाउंडेज कमी करू का? आणि ज्याचा हात असा झालाय त्याने पुन्हा जिवंत जनावरासमोर बसावं का?

— कोलशेतकर

नेरुळची तिरंदाज:

दादा, याला टार्गेट पॅनिक म्हणतात. खालच्या निळ्यात पिन अडकणं आणि पिवळं दिसताच बोट आवळणं ही त्याची अगदी नेहमीची दोन रूपं आहेत. मलाही झालं होतं, आंतरशालेय स्पर्धेनंतर. तेव्हा वाटायचं आपल्यात काहीतरी कायमचं बिघडलं. तसं नसतं.

होतं काय, की "पिन मध्यावर आली" आणि "सोड" या दोन गोष्टी मेंदू एकत्र बांधून टाकतो. मग पिन मध्यावर येणं म्हणजेच धोका वाटू लागतो, म्हणून हात तिला खालीच धरून ठेवतो. ती गाठ सोडवायची. जोर लावून पिन वर ढकललीत तर गाठ आणखी घट्ट होईल.

आधी फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद, काढून टाका. कोऱ्या फोमसमोर तीन मीटरवर उभे राहा, दोर ओढा, अँकर लावा (हात चेहऱ्याशी नेहमीच्या जागी टेकवा), डोळे मिटा आणि फक्त पाठीतून ओढत राहा. बाण कधी सुटला हे तुम्हाला नंतर कळलं पाहिजे. दिवसाला २५-३० पुरे. डोळे मिटल्यावर कोपर खाली पडतंय का, श्वास कुठे अडकतोय, हे सगळं कळायला लागतं. मला तर पहिल्या आठवड्यात कळलं की मी दात आवळून धरते.

दोन-तीन आठवडे गेले की फेस लावा, पण बाण सोडू नका. ओढा, पिन पिवळ्यात आणा, आठपर्यंत मोजा, बाण न सोडता दोर हळूच उतरवा. चार वेळा असं, मग एकदा सोडा. पिवळ्यात पिन ठेवून काहीही घडत नाही हे हाताला कळू द्या. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि खरा उपयोग याचाच होतो. बहुतेक जण इथेच घाई करून पुन्हा गुण मोजायला लागतात. गुण लिहायची वही घरीच ठेवा.

रिलीज बदलता आला तर हिंज घ्या. त्याला ट्रिगरच नसतो, हात फिरत जातो आणि सुटतो. पण थेट धनुष्यावर लावू नका, चुकून लवकर सुटला तर हात तोंडावर बसतो. आधी दोरीचा एक फास तुमच्या ड्रॉएवढा (दोर ओढता तेवढ्या लांबीचा) करून त्यावर शिका. पाउंडेज तात्पुरतं ५०वर आणा. दोर ओढताना त्रास होत असेल तर तो थकवा या घाईत भर घालतो.

येऊरवारी:

मी तिरंदाज नाही. येऊरच्या जंगलात पंधरा वर्षं चितळं-सांबरं बघत फिरतोय आणि शिकार मला पटत नाही, हे आधीच सांगतो. पण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मला दिसलं ते लिहितो.

तुमचे दोन बाण एकाच कारणाने चुकलेले नाहीत. तुम्ही ते एकत्र बांधलेत.

पहिल्या मादीला तुम्ही आवाज करून थांबवलंत. कान तुमच्याकडे, मान ताठ, म्हणजे ती स्प्रिंगसारखी तयार होती. चरणारं चितळ आणि वानरांनी खेकसल्यावर ताठ उभं राहिलेलं चितळ, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसऱ्याच्या पुढच्या पायांकडे बघा, पळायच्या आधी ते खाली बसतं, पाय दुमडून मगच उडी घेतं. व्हाइटटेलही तेच करतं. आता हिशोब करा. २८ यार्ड म्हणजे ८४ फूट. शिकारीच्या कंपाउंडचा बाण सेकंदाला २६०-२७० फुटांनी जातो, म्हणजे पोचायला एक तृतीयांश सेकंद. दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वर, तो त्याच्या कितीतरी आधी पोचला. मादीला जवळजवळ पाव सेकंद मिळाला. तिला वीतभर खाली जायला तेवढं पुष्कळ होतं. तुमचा बाण बहुधा बरोबर होता, ती तिथे राहिली नाही.

मग तुम्ही त्यावरून "खाली धरायचं" हा नियम केलात आणि तो दोन वर्षं हातात मुरवलात. दुसरा नर तर निवांत खात होता. मान खाली, अंतर कमी. तो बसणार नव्हता. त्याच्यावर खाली धरायचं काही कारण नव्हतं. तुम्ही आधीच्या मादीवर बाण सोडत होतात.

पुन्हा बसावं का, हे मी सांगणार नाही.

मिनेसोटावासी:

वरचं वाचून थांबलो. माझंही २०१९ला हेच झालं होतं आणि मी मचाणाच्या उंचीला दोष दिला. सोळा-वीस फुटांवरून २० यार्डांचं तिरपं अंतर जेमतेम एखाद्या यार्डाने वाढतं, त्याने एवढा फरक पडत नाही. वरून सोडताना फक्त हात खाली नेऊ नका, कमरेतून वाका. हात आणि छातीचा काटकोन मोडला की अँकर सरकतो, मग नेम कुठलाच खरा राहत नाही. रेंजवर एखाद्या पायरीवर उभं राहून सराव होतो का बघा. आणि आवाज करून थांबवलेल्या हरणावर मी आता २० यार्डांपलीकडे बाण सोडत नाही.

कोलशेतकर:

येऊरवारी, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आभार कसे मानू कळत नाही.

ताई, फेस काढला. वहीसुद्धा कपाटात ठेवली. डोळे मिटून सोडताना पहिल्या दिवशी कळलं की माझा डावा हात धनुष्याची मूठ गळा दाबल्यासारखी धरतो.

कोलशेतकर (गणपतीनंतर):

तीन महिने झाले, म्हणून लिहितो. पाऊस असल्याने रेंजची छपराखालचीच जागा मिळाली, फोम दमट, पिसं ओली. पण फेसशिवाय आणि बाण न सोडता उतरवणं, दोन्ही नेमाने केलं. दोरीच्या फासावर हिंज शिकलो. ऑगस्टच्या शेवटी एक बाण असा सुटला की मी दचकलो. पिन तेव्हा पिवळ्यात होती आणि माझा श्वास चालू होता. कुठे लागला हे बघायला पुढे गेलो नाही, तिथेच उभा राहिलो.

निळ्यातलं अडकणं आठवड्यातून एकदा अजून होतं. तेव्हा उतरवतो आणि बसतो.

नोव्हेंबरचं तिकीट काढलंय. धनुष्य उचलणार की नुसतं काकांच्या शेजारी बसणार, ते अजून मोकळं ठेवलंय. स्वतःला एक अट घातली आहे. रेंजवर गेल्यावर हात गरम व्हायच्या आधीचा पहिला बाण, एकच, १८ यार्डांवर लावलेल्या कागदी ताटात. असा वीस वेळा सलग लागला तरच. खाली धरायचं नाही, मधोमध. परवा अकरावा होता, तो कडेबाहेर गेला. आज पुन्हा एकपासून मोजायला लागलो.

ताई, येत्या शनिवारी सकाळी तुम्ही रेंजवर असाल का? हिंज फिरवताना माझं उजवं कोपर खाली पडतंय असं वाटतं आणि मागे उभं राहून बघणारं कुणी नाही.