'गतीचं जडत्व' चालेल का?

शाईदौत: एका छोट्या विज्ञान प्रदर्शनाचे फलक मराठीत करून देतेय. एका फलकावर बसचं चित्र आहे. करकचून ब्रेक लागलाय आणि उभा माणूस पुढे कोलमडलाय. खाली मी लिहिलं, 'बस थांबली, पण गतीच्या जडत्वामुळे माणसाचं शरीर पुढेच जात राहिलं.' मुद्रितशोधकांनी 'गतीच्या'खाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं, 'जे हलत नाही ते जड. गतीला जडत्व कसं?' मी त्यांना शाळेत शिकवतात ते तिन्ही प्रकार सांगितले: विराम अवस्थेचं, गतीचं, दिशेचं. ते म्हणाले, पुस्तकात छापलं म्हणून ते मराठी होत नाही. घरी भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मावशी, म्हणजे जाडा माणूसच पडतो का?" तेव्हापासून हा शब्द मलाही टोचतोय. दुसरा आहे का?

पेठकर: आहे की, निरूढी! बलाला प्रेरणा, त्वरणाला प्रवेग आणि जडत्वाला निरूढी असं वाचत मी मोठा झालो. निरूढ म्हणजे रुजलेलं, मुरलेलं. वस्तू आहे त्या स्थितीत रुजून राहते, मग ती स्थिती थांबण्याची असो की चालण्याची. तुमच्या मुद्रितशोधकांची अडचणच संपली. चांगले शब्द आपण वापरले नाहीत म्हणून गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फळाखडू: पेठकर, शब्द सुंदर आहे, पण सातवीतलं मूल 'निरूढी' वाचून पुढच्या फलकाकडे जाईल. आणि 'प्रेरणा' आता मनाच्या उभारीसाठीच राहिलाय, तो परत आणता येणार नाही.

शाईदौत, भाचीचा प्रश्न फार चांगला आहे, तो फलकावरच घ्या. बस ताशी 36 किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ती 2 सेकंदांत थांबली, तर 60 किलोच्या माणसाला तिच्याबरोबर थांबायला साधारण 300 न्यूटन बल लागतं. म्हणजे जवळजवळ 30 किलोचा ओढा, आणि तो वरच्या दांडीला धरलेला हात आणि पायाखालचं घर्षण मिळून पेलतात. 90 किलोच्या माणसाला 450 न्यूटन लागतं. धरलं नाही तर पडतात दोघंही, पण जाड्याला आवरायला बल जास्त लागतं. वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त, म्हणून 'जड' मला खटकत नाही.

एक विनंती. 'जडत्वाच्या बलाने फेकला गेला' असं कृपया लिहू नका. त्याला पुढे कोणीच ढकललेलं नाही. पाय घर्षणामुळे बसबरोबर थांबले, वरचं अंग चालत राहिलं, इतकंच.

नैयायिक: फळाखडूताई, खुद्द न्यूटनने 1687 साली लॅटिनमध्ये 'वीस इनर्शिए' लिहिलं, म्हणजे जडत्वाचं बलच. 'इनर्स' म्हणजे निरुद्योगी, आळशी. त्याच्या आधी केप्लरने हा शब्द वापरला तो पदार्थाच्या न हलण्याच्या ओढीसाठी. मुद्रितशोधकांना अभिप्रेत आहे तोच हा अर्थ. न्यूटनने तो ताणून गतीलाही लावला. लॅटिनला चाललं, ते मराठीला का चालू नये?

पण शब्द घरचाच हवा असेल तर वैशेषिकांकडे, म्हणजे पदार्थांचा विचार करणाऱ्या आपल्या प्राचीन दर्शनाकडे जा. बाण सुटतो तो दोरीच्या नोदनाने, म्हणजे रेट्याने, पुढे जात राहतो तो 'वेग' नावाच्या संस्काराने, म्हणजे त्याच्यात उरलेल्या गुणाने. 'स्थितिस्थापक' हाही त्यांच्याकडे संस्काराचाच प्रकार, तो आपण स्थितिस्थापकतेत आजही वापरतो. मग 'वेगसंस्कार' का नको?

फळाखडू: कारण अर्थ उलटा होतो. संस्कार हे गतीचं कारण आहे, आणि जडत्व सांगतं की सरळ रेषेत एकाच वेगाने जात राहायला कारण लागतच नाही. कारण लागतं ते बदलायला. मुलं हीच समजूत घेऊन वर्गात येतात, बाणात कुणीतरी जोर भरून ठेवलाय म्हणून. ती काढायला मला दरवर्षी आठवडा जातो. शब्दानेच ती पक्की करायची का?

टेम्पोवाला: कात्रजच्या घाटात भरलेला टेम्पो बंद पडला की खाली उतरून रेटायला लागलंय का कुणी? पहिला रेटा जीव काढतो. एकदा चाक फिरलं की दोन माणसांत जातो, आणि मग थांबवायला तितकाच जीव जातो. आमच्यात म्हणतात, 'गाडी झोकात आली.' झोक लिहा, सगळ्यांना कळेल.

फळाखडू: पहिल्या रेट्यात घर्षणही असतं, दादा. पण थांबवायलाही तितकाच जीव जातो, हे वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे.

पेठकर: झोक म्हणजे तोल. 'झोक गेला', 'झोकांडी खाल्ली'. माझी आजी झोपाळ्याच्या हेलकाव्यालाही झोकच म्हणायची. नेमका अर्थ हवा तिथे इतका सैल शब्द नको.

शाईदौत: फलक शुक्रवारी छपाईला जातोय. 'गतीचं जडत्व' ठेवू की नुसतं 'जडत्व'?

टेम्पोवाला: सैल कसा? झोकातली गाडी म्हणजे चालती गाडी. आणि बस एकदम सुटल्यावर माणूस मागे जातो त्याला काय म्हणाल?

पेठकर: हिसका.

नैयायिक: हिसका हातातली वस्तू ओढून घेताना. बसचा हिसडा.

टेम्पोवाला: हिसडा बैल देतो. बसमध्ये बसतो तो गचका.

पेठकर: गचका खड्ड्याचा! चाक खाली जाऊन वर आलं की गचका. सुटताना गचका बसतो हे मी पुण्यात तरी कधी ऐकलेलं नाही.

टेम्पोवाला: क्लच सोडायला चुकलं तर बसतो. स्वारगेटला या, ऐकवतो.