मदत हवी आहे : डॉ. कोटणीसांच्या चीनमधल्या रोजच्या जगण्याविषयी

नमस्कार मंडळी. माझी भाची इथेच सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर बोलायचंय. जन्म सोलापूरचा, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते गेले, ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले, एवढं शाळेपासून पाठ असतं. पोरीला हवंय ते निराळंच. परक्या मुलखात तरुण डॉक्टरचा दिवस कसा जायचा? चीन-जपान युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवायचे, तिथल्या बेथ्यून हॉस्पिटलचे संचालक झाले. शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. लग्न तिथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी. वडील गेले तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. हे वाचून भाची मला म्हणाली, "मामा, घरच्यांना ते काय लिहीत असतील हो?"

तर त्यांची घरी आलेली पत्रं मराठीत कुठे वाचायला मिळतील का? जुने दिवाळी अंक, वर्तमानपत्रांची कात्रणं, काहीही चालेल. आपल्या सोलापुरातल्या डॉ. कोटणीस स्मारकाच्या वेळा आणि तिथे फोटो काढू देतात का, तेही सांगा. आणि कुणाच्या घरी आजी-आजोबांनी त्या काळच्या आठवणी सांगितल्या असतील तर आम्ही दोघं येऊन ऐकू, सवडीने कधीही.