फक्त मेलसाठी खातं: नोलॉगिन शेल पुरतं, की व्हर्च्युअल युजरच हवेत?

टपालपेटी
डेबियनचा सर्व्हर, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि पेटीतली मेल वाचायला देणारा डव्हकॉट, एक डोमेन, पंचवीस माणसं. त्यांना मेल हवी, सर्व्हरवर शिरकाव नको. माझ्या मते एवढ्यासाठी व्हर्च्युअल युजरचा (सिस्टिमवर खातं नसलेल्या, फक्त मेल सर्व्हरला माहीत असलेल्या युजरचा) पसारा मांडू नये. 'मेलओन्ली' ग्रुप काढा, युजरॲडने होम डिरेक्टरी आणि नोलॉगिन शेल (कमांड चालवायला न देता परत पाठवणारं) देऊन खातं उघडा, पासवर्ड घाला. पोस्टफिक्सच्या होम_मेलबॉक्स सेटिंगमध्ये 'मेलडिर/' लिहा, म्हणजे प्रत्येक मेल त्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल म्हणून पडते. शेवटचा स्लॅश राहिला तर पोस्टफिक्स त्या नावाची एकच एमबॉक्स फाइल (सगळी मेल एकाच फाइलीत) बनवतो आणि डव्हकॉटला ती मेल इनबॉक्समध्ये दाखवता येत नाही. लोक तासभर लॉग चाळत बसतात. खातं बंद करायचं तर युजरडेल. संपलं.

कुलूपकिल्ली
संपत नाही. नोलॉगिन म्हणजे कुलूप नव्हे, ते फक्त शेल नाकारतं. एसएसएचवर (सर्व्हरवर दुरून शिरण्याच्या दारावर) पासवर्ड चालत असेल तर '-एन' (कॅपिटल) देऊन, शेल न मागता, नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून आतल्या सेवांपर्यंत बोगदा) मागता येतं आणि ते मिळतं. म्हणजे मेलचा पासवर्ड फुटला की 127.0.0.1 वर, म्हणजे फक्त सर्व्हरच्या आतूनच, ऐकणारा तुमचा डेटाबेस बाहेरच्याला दिसायला लागला.

त्याहून वाईट म्हणजे एसएसएचची फाइल चढवण्याची सबसिस्टिम 'इंटर्नल-एसएफटीपी' असेल तर तिथे शेल लागतच नाही. होममध्ये .फॉरवर्ड फाइल (आलेली मेल पुढे कुठे द्यायची ते सांगणारी) चढवायची, आत पाइपचं चिन्ह आणि कमांड, मग स्वतःलाच एक मेल पाठवायची. पोस्टफिक्स ती कमांड त्या युजरच्या नावाने इमानेइतबारे चालवतो. मेलचा पासवर्ड पाच-पाच फोनवर साठवलेला असतो. त्याच पासवर्डने सिस्टिमचं दार का उघडावं?

टपालपेटी
दोन्ही मुद्दे मान्य, पण दोन्ही तीन ओळींत बुजतात. एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये 'डिनायग्रुप्स मेलओन्ली', पोस्टफिक्समध्ये फॉरवर्ड_पाथ रिकामं आणि अलाउ_मेल_टू_कमांड्सला फक्त 'अलायस'. मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टने मेल डव्हकॉटकडे वळवली म्हणजे .फॉरवर्ड टळलं, असं मात्र धरू नका; पोस्टफिक्सचा लोकल एजंट (सिस्टिम युजरची मेल पोचवणारा) ती फाइल आधी वाचतो.

आता तुमची बाजू बघा. व्हर्च्युअलमध्ये सगळ्यांची मेल एकाच व्हीमेल युजरच्या मालकीची. आयमॅप (पेटी वाचायला देणाऱ्या) प्रोसेसमध्ये भोक सापडलं तर पंचवीसही पेट्या उघड्या. माझ्याकडे प्रत्येकाचा यूआयडी (सिस्टिममधला युजर क्रमांक) वेगळा, त्यामुळे भिंत कर्नलची. फाइलसिस्टिमचा कोटाही (जागेची मर्यादा) माणसागणिक लावता येतो.

कुलूपकिल्ली
यूआयडीच्या भिंतीचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कोट्याला आहे: डव्हकॉटचा कोटा प्लगिन लावा आणि पोस्टफिक्सला कोटा-स्टेटस सेवा विचारायला सांगा, म्हणजे भरलेल्या पेटीची मेल दारातच नाकारली जाते. हे न करता आधी घेऊन मग परत पाठवली, तर स्पॅमची उत्तरं खोट्या पत्त्यांवर जातात आणि सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत.

पण उद्या दुसरं डोमेन आलं की काय कराल? दोन्हीकडे 'इन्फो' हवा असेल तर सिस्टिम युजर एकच. मग 'इन्फो2' करून मॅपिंग सांभाळत बसायचं.

नवी_रांग
व्हर्च्युअलकडे जाणाऱ्यांनी दोन चुका टाळाव्यात. व्हीमेल युजर युजरॲडला '-आर' देऊन काढला की यूआयडी हजाराच्या आत, ॲडयुजरच्या '--सिस्टिम'ने काढला तर बहुधा शंभरच्या घरात पडतो. डव्हकॉटचं फर्स्ट_व्हॅलिड_यूआयडी (चालणारा सर्वांत लहान यूआयडी) मुळात 500, म्हणून त्याखालचा क्रमांक असेल तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनच्या पुढे गाडी अडते. ग्रुप आणि युजर दोन्हींना 5000 द्या. दुसरी चूक म्हणजे एकच डोमेन मायडेस्टिनेशन (सिस्टिम युजरची डोमेनं) आणि व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स (व्हर्च्युअल युजरची) दोन्हींत लिहिणं. पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो, मेल मात्र लोकलकडे जाऊन 'युजर अनोळखी' म्हणून परतते.

पासवर्डची फाइल रूटच्या मालकीची, ग्रुप डव्हकॉट, परवानगी 640. आणि मेल कुठे ठेवली ते सांगणारी मेल_लोकेशनची डव्हकॉट 2.3 ची ओळ 2.4 मध्ये तशीच डकवू नका. तिथे मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ वेगळे लिहावे लागतात.

टपालपेटी
दुसऱ्या डोमेनचा मुद्दा पटला. ते येणार असेल तर आजच व्हर्च्युअल. एकाच डोमेनवर राहणार असाल तर मी अजूनही वेगळ्या यूआयडीच्या बाजूने. एक गोष्ट दोन्ही पद्धतींत राहून जाते: पोस्टफिक्सचं रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच आणि त्याचा लॉगिन मॅप (कोणता पत्ता कुणाचा याची यादी). तो नसेल तर 587 वर (मेल पाठवण्याच्या पोर्टवर) लॉगिन केलेला कुणीही हिशेबनीसाच्या पत्त्यावरून मेल पाठवू शकतो.