उपास, उपोषण की उपासमार: 'ताअनित'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी
मंडळी, एका छोट्या अंकासाठी मजकूर मराठीत आणतेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. विषय असा की २००९ साली अमेरिकेतल्या काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, इस्राएलनं केलेली गाझाची नाकेबंदी आणि तिथल्या लोकांचे हाल बघून ठरवलं की दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवायचं नाही, आणि त्या दिवशी जेवणाचे जे पैसे वाचतील ते गाझातल्या बालवाडीच्या मुलांना दूध देणाऱ्या योजनेला द्यायचे. हिब्रूत नाव ठेवलं 'ताअनित त्सेदेक'. त्सेदेक म्हणजे न्याय, ते कळलं. पण ताअनित? उपवास लिहिलं तर आपल्याकडे वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर साबुदाण्याची खिचडी येते, उपोषण लिहिलं तर कलेक्टर ऑफिससमोरचा मांडव आणि शेवटी लिंबूसरबत. दोन्ही चित्रं इथे बसत नाहीयेत. सुचवा प्लीज.

काळी माती
उपोषण नको ताई. उपोषणात समोर कोणीतरी असतो, त्याच्याकडे मागणी असते, मागणी मान्य झाली की उपोषण सुटतं. आमरण, साखळी, लाक्षणिक, सगळ्यात हाच हिशोब. लाक्षणिक उपोषण एक दिवसाचं म्हणून वरवर जवळचं वाटेल पण ते फोटोपुरतं असतं असा आता लोकांचा समज झालाय, त्या रब्बींवर अन्याय होईल.

जुनी वही
थोडं असहमत. साने गुरुजींनी १९४७ ला पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून केलं ते उपोषणच म्हणतो ना आपण, त्यात मागणी होती पण मुळात ती भक्तीच होती. आणि व्युत्पत्तीनं बघाल तर उपवास आणि उपोषण एकाच धातूचे, उप + वस्, जवळ राहणं. उपोषणात 'पोषण' आहे असं बरेच जण समजतात, ते चूक आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हिब्रूत आहे आणि ते फार सुंदर आहे म्हणून जरा लांबण लावतो. हिब्रूत उपासाला दोन शब्द, त्सोम आणि ताअनित. त्सोम म्हणजे सरळ न खाणं. ताअनित ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वाकणं, पिडणं, जिवाला त्रास देणं. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात योम किप्पूरची, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या दिवसाची, आज्ञा आहे तिथे 'उपास करा' असं म्हटलेलंच नाही, 'आपल्या जिवांना पीडा द्या' असं म्हटलंय. आता गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट: गरिबाला हिब्रूत आनी म्हणतात, आणि पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, बेखमीर भाकरीला लेहेम ओनी, गरिबीची भाकर. हे सगळे शब्द त्याच ताअनितच्या गोतातले. उपास करणारा आणि गांजलेला हे त्या भाषेत एकाच घरचे.

आणि बायबलमधल्या यशया संदेष्ट्यानं ५८ व्या अध्यायात नेमकं ह्याच्यावरच बोट ठेवलंय. लोक देवाला विचारतात आम्ही जिवाला पीडा दिली तरी तू बघत का नाहीस, तर उत्तर येतं की मला हवा तो उपास हा नव्हे, तुझी भाकर मोडून भुकेल्याला दे, घर नसलेल्या गरिबाला घरात आण, पीडलेल्या जिवाला तृप्त कर. शेवटचं 'पीडलेला' तोच धातू! आणि हा भाग कधी वाचतात माहितीये, योम किप्पूरच्या सकाळी, सगळे पंचवीस तासांच्या उपासात उभे असताना. म्हणजे उपाशीपोटीच ऐकायचं की नुसतं उपाशी राहून भागत नाही. त्या रब्बींनी नवीन काही शोधलं नाही, दरवर्षी वाचतात ते केलं.

शब्दवेडी
अंगावर काटा आला. पण मग मराठीत तो धातूचा धागा येणारच नाही ना.

ठाणेकर खाडीवाला
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याचा, शाआर हाशामाईम सिनेगॉगला जाणारा. आमच्या जुन्या मंडळींना ताअनित वगैरे शब्द माहीत नव्हते, कोकणात आम्ही 'रोजा' म्हणायचो, ज्यू पंचांगातल्या एलूल महिन्याच्या उपासांना तर चक्क 'रमजान'. योम किप्पूरला दारफाळणीचा सण, कारण दारं लावून घरातले सगळे आत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचं. आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याचं सुतक, त्याला आमच्यात बिरड्याचा सण, वालाच्या बिरड्यावरून. तेव्हा 'रोजा' हा शब्दही मराठीच आहे, विचार करा, सूर्योदय ते सूर्यास्त असल्यानं बसेल पण.

पहिलटकर
एक विचारू का, राग नको. हा धर्माचा उपास की राजकारणाचा? धर्माचं नाव घेऊन सरकारविरुद्ध बोलायचं असं तर नाही ना?

ठाणेकर खाडीवाला
रागावत नाही, आमच्या घरातच ह्यावरून वाद होतात. माझी आतेबहीण इस्राएलमध्ये अश्दोदला असते, तिथे सायरन वाजला की पोरांना घेऊन पळते, ती असले उपास करणाऱ्या रब्बींवर चिडते, आणि मला तिची भीती समजते. पण बिरड्याच्या सणाला आम्ही जमिनीवर बसून बायबलमधलं विलापगीत वाचतो, त्यात चौथ्या अध्यायात आहे की लेकरं भाकर मागतात आणि कोणी मोडून देत नाही, आणि पुढे तर म्हटलंय की भुकेनं मेले त्यांच्यापेक्षा तलवारीनं मेले ते बरे. २०२५ ला तो दिवस २ ऑगस्टच्या संध्याकाळी लागला, तेव्हा गाझातल्या पोरांचे फोटो रोज येत होते. मी ते वाचताना थांबलो. माझ्या पूर्वजांच्या भुकेसाठी रडायचं आणि ही भूक दिसली तर पान उलटायचं, हे मला जमलं नाही. ह्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणा.

जुनी वही
पहिलटकर, ताअनित नावाचा ताल्मुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, एक पूर्ण भागच आहे. दुष्काळ पडला, पाऊस लांबला की अख्ख्या गावानं सोमवारी आणि गुरुवारी उपास करायचे, त्याचे नियम. (तिसरा गुरुवार उगाच नाही निवडला असं मला वाटतं.) त्यात म्हटलंय की समाज संकटात असताना 'मी आपला घरी जातो, खातोपितो, माझ्या जिवा तू सुखी रहा' असं म्हणायचं नाही. आणि जमलेल्या लोकांना वडीलधारा सांगतो, बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत, पश्चात्ताप केलेल्या निनवे शहरातल्या लोकांबद्दल 'देवानं त्यांचं अंगावरचं गोणपाट आणि उपास पाहिला' असं लिहिलेलं नाही, 'त्यांची कामं पाहिली' असं लिहिलंय. मग २०२४ च्या पेसाहमध्ये काही रब्बी तांदूळ आणि पीठ घेऊन इस्राएल-गाझा सीमेवरच्या एरेझच्या नाक्याकडे चालत निघाले ते ह्याच्यातूनच आलं. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या, जेवणाच्या सुरुवातीला म्हणतात, 'जो कोणी भुकेला असेल त्यानं यावं नि जेवावं'. हे घराच्या आत टेबलाशी बसून म्हणायचं वाक्य, त्यांनी ते नाक्यापर्यंत नेलं.

काळी माती
शब्दवेडीताई, धागा येणार नाही म्हणालात त्यावर रात्रभर विचार केला. येतो की! 'उपाशी' हा शब्द कुठून आला? उपवासी. म्हणजे उपास करणारा. आपल्याकडेही ज्याला खायला मिळालं नाही आणि ज्यानं खाल्लं नाही त्या दोघांना भाषेनं एकच नाव दिलंय. उपासमार मध्येही उपास आहेच. माझी आई बीडकडची, बहात्तरच्या दुष्काळात लहान होती, सुकडीवर दिवस काढले, ती कधी 'उपाशी राहिलो' म्हणत नाही, 'आमाला उपास पडायचे' म्हणते. एकादशीचा उपास 'धरतात', दुष्काळाचा उपास 'पडतो'. शब्द एकच, क्रियापद बदललं की आयुष्य बदलतं. तेव्हा उपासच लिहा, उपवास पण नको, तो जरा सोवळ्यातला वाटतो.

शब्दवेडी
काळी माती, हात जोडते. मग शीर्षक 'उपाशांसाठी उपास'? की 'उपाशांबरोबर उपास'? बरोबर मध्ये जवळीक जास्त वाटते, आणि जुनी वहींनी सांगितलेलं 'जवळ राहणं' पण येतं.

काळी माती
बरोबर नको. सूर्य मावळला की उपास धरणारा जेवायला बसतो, ज्याला पडलाय तो नाही बसत. साठी ठेवा.

शब्दवेडी
पटलं, साठी. आता शेवटचं. मजकुरात ताल्मुदातलं एक वाक्य आहे की उपासाचं फळ म्हणजे त्या दिवशी दिलेली 'त्सदाका'. मी दान केलंय. चालेल?

जुनी वही
दान नको. दान आपल्या मर्जीचं, दिलं तर पुण्य, नाही दिलं तरी कोणी विचारत नाही. त्सदाका त्सेदेकपासूनच आलाय, म्हणजे गरिबाचं ते हक्काचं. आणि ते वेळेत पोचलं पाहिजे, उपासाच्या दिवशी त्सदाका रात्रभर अडवून ठेवली तर रक्त सांडल्यासारखं, इतकं कडक लिहिलंय.

ठाणेकर खाडीवाला
'देणं' लिहा ना. मराठीत देणं म्हणजे देण्याची क्रिया पण आणि कर्ज पण. वाण्याचं देणं, बँकेचं देणं. उपासाचं फळ म्हणजे त्या दिवशी फेडलेलं देणं.

शब्दवेडी
देणं. लिहिलं.