दोन जिवांची म्हणजे नक्की किती? - अनुभव लिहा

मोगरी: काल आईकडे लालबागला माळा आवरत होते. पितळेच्या डब्यात कापसात गुंडाळलेली कुंकवाची डबी सापडली, उघडली तर आत मनुकेसारखं काळं सुकलेलं काहीतरी. टाकणार इतक्यात आई ओरडली, अगं ती तुझी नाळ आहे! मी म्हटलं माझी कशी, तुझीपण ना? आई गप्प. मग दोघी त्या डबीकडे बघत बसलो.

तेव्हापासून डोक्यात तेच. 2010 ला माझ्यावेळी ट्रेनमध्ये सगळ्या म्हणायच्या "दोन जिवांची आहे, बसू द्या". पण मला आत कुणी दुसरं आहे असं वाटायचंच नाही, फक्त मी आणि माझी मळमळ. पाचव्या महिन्यात कुर्ला आणि सायनच्या मधे पहिल्यांदा आतून टकटक झाली. तेव्हा वाटलं, हे मी केलेलं नाही. तुम्हाला एक वाटायचं की दोन?

चौथी सीट: मला गॅस वाटला होता. जेलुसील घेतलं 😂

अबोली_ठाणे: पितळेचा डबा चिंचेने घास, मस्त निघतो.

रुपारेलची माजी: बीएला फिलॉसॉफी होती म्हणून बोलते. ह्यावर खरंच वाद आहे. काहींच्या मते बाळ आईच्या आत असतं ते फ्रिजमध्ये दह्याचा डबा असतो तसं, फ्रिजचा भाग नाही. एल्सेलिन किंग्मा म्हणून एक तत्त्वज्ञ बाई आहेत, त्या म्हणतात नाही, जन्मापर्यंत बाळ आईचाच भाग. सॉक्रेटिसची आई सुईण होती, तो स्वतःला विचारांची सुईण म्हणवायचा, आम्हाला ते कौतुकाने शिकवलं. पण जिचं बाळंतपण चाललंय तिला काय वाटतं हे आख्ख्या सिलॅबसमध्ये कुठे नव्हतं. ट्रेन आली, नंतर लिहिते

चौथी सीट: फ्रिजला उलट्या होत नाहीत म्हणावं

अबोली_ठाणे: आणि फ्रिजला कोणी विचारत नाही "नॉर्मल की सिझर"

लॅबवाली: वार तर मुख्यतः बाळाच्याच पेशींची बनते, पण रुजते आपल्यात, म्हणजे हद्द कुठे आखणार? आणि 1996 च्या एका संशोधनात एका बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी बाळंतपणानंतर 27 वर्षांनी सापडल्या होत्या. आईच्या पेशीपण आपल्यात राहतात.

चौथी सीट: तरीच आई माझ्या आतूनच ओरडते, "गॅस बंद केलास का"

प्रभादेवी: माझं सिझर. शुद्धीवर आले तर सासूबाई सगळ्यांना फोनवर सांगत होत्या, "सुटली एकदाची". मी कोणापासून सुटले? उलट तेव्हाच अडकले, दर दोन तासांनी दूध, ताप बघ, ढेकर काढ. मावशी शेगडी घेऊन यायच्या शेक द्यायला, मे महिना, दहा बाय दहाची खोली, मी आणि बाळ दोघं उकडून निघालो. आता कॉलेजला आहे, रात्री अकरानंतर घरी आला नाही की पोटात तिथंच दुखतं, टाक्यांपाशी

नाव नको: अकरा आठवडे. सोनोग्राफी करणारे स्क्रीनकडेच बघत म्हणाले, हार्टबीट नाहीये. एक की दोन ते तिथेच ठरलं म्हणायचं. तारीख डिसेंबरची दिली होती. दर डिसेंबरला मी मनातल्या मनात वय मोजते, यंदा सहा.

मोगरी: 🫂

प्रभादेवी: बाई गं. सहा.

दोघांचा_बाबा: पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? बायकोला डोहाळे लागले आणि वजन माझं नऊ किलोने वाढलं

चौथी सीट: तुम्ही फ्रिज

साईली: आमची लेक दत्तक, सात महिन्यांची होती. नाळ नाही, वार नाही. संस्थेतून आणली त्या दिवशीचा पिवळा फ्रॉक आहे, एक बटण तुटलेलं. पहिले काही दिवस ती माझ्याकडे बघायचीपण नाही, रात्री फॅनकडे बघत पडायची. मी तिथेच झोपायचे, हात तिच्या पायाला लावून. मग एका रात्री तिनेच पाय हाताला लावला. तो फ्रॉक डबीत मावत नाही, नाहीतर मीपण ठेवला असता.

रुपारेलची माजी: उतरले. साईली, तुझं वाचून मी काय लिहिणार होते तेच विसरले

अबोली_ठाणे: कुणी दादरला चांगले अळीव कुठे मिळतात सांगेल का, बहिणीला सातवा लागलाय

मोगरी: लेकाने आत्ता हे सगळं वाचलं आणि विचारतो, माझी नाळ कुठेय? त्याची मालिशवाल्या मावशींनी आंघोळीच्या पाण्याबरोबर टाकली होती. त्याला म्हटलं शोधते. आईची डबी परत माळ्यावर ठेवलीये. चला, कुकर लावायचाय.