उडीचा आर्मबार आधी नको

जिउ-जित्सूत (पकडी घालून गळा किंवा सांधे आवळायची कुस्ती) जमिनीवरच्या लढतीसाठी आधी काय घोटावं असं तुम्ही विचारलंत, आणि वर दोघांनी उडी मारून लावायचा आर्मबार (हात ताणून कोपराला पीळ देणारा डाव) सुचवलाय. मला ते अजिबात पटत नाही. डाव फसला तर आपण कुठे उरतो, हे आधी बघा. उडी फसली की आपण पाठीवर आणि समोरचा वर. रिअर नेकेड चोक (मागून हातांनी गळा आवळणं) फसला तरी समोरच्याची पाठ बहुतेकदा आपल्याच ताब्यात राहते. यूएफसीत (मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती) सर्वाधिक सबमिशन, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणं, याच डावाने होतात.

शिवाय मुंबईची दमट हवा. गी (जाड कापडाचा पोशाख) नसेल तर थोड्याच वेळात घामाने मनगटं निसटायला लागतात. छातीला छाती भिडवून धरलेली पकड मात्र टिकते. म्हणून आधी साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाबून धरणं), माउंट (अंगावर बसून दाबणं) आणि त्यांतून सुटका. (ज्युदोत तर 20 सेकंद नीट दाबून धरलं की इप्पॉनच, म्हणजे थेट विजय.) गी घालत असाल तर जिउ-जित्सूचा विश्वविजेता रॉजर ग्रेसीचा माउंटवरचा क्रॉस कॉलर चोक (गीची कॉलर धरून गळा आवळणं) बघा. काय येणार हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी सुटता यायचं नाही.

लालबाग-परळच्या तालमीतून आला असाल तर एक सवय मोडावी लागेल. चीतपट होऊ नये म्हणून आपण पोटावर वळतो. जिउ-जित्सूत तिथेच पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते आणि मागोमाग गळा. वळायचं ते समोरच्याकडे तोंड करून, कोपर अंगाशी ठेवून आणि गुडघा मध्ये घालून. हे जोडीदाराला खरा विरोध करायला सांगूनच घोटा, आणि टॅप (हाताने थोपटून हार मानणं) वेळेत करा.